बेडूक कीटकांत, झुरळ नाकतोड्यांत

२०२४ च्या नीट परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम काढून बघा. जीवशास्त्राच्या भागात, प्राण्यांच्या रचनेच्या घटकात, एक ओळ सापडेल. एका कीटकाची पचन, रक्ताभिसरण, श्वसन, चेता आणि प्रजनन संस्था, त्यांची रचना आणि कार्य, थोडक्यात. कोणत्या कीटकाची? कंसात लिहिलंय. बेडकाची.

हो, बेडकाची. पाठीचा कणा असलेल्या, चार पायांच्या, पहिल्या पावसात डबक्यात ओरडणाऱ्या बेडकाची. आधी त्या कंसात झुरळ होतं. एनसीईआरटीने अकरावीच्या पुस्तकाला कात्री लावली, झुरळ गेलं, बेडूक राहिला. मग कंसातलं झुरळ खोडून तिथे बेडूक बसवला गेला आणि कंसाबाहेरचा ‘कीटक’ तसाच राहिला. त्या वर्षी २३ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली. उद्याचे डॉक्टर आहेत हे. त्यांच्या अभ्यासक्रमातली एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचण्याची तसदी कुणी घेतली नाही.

दिल्लीला हसायचं तेवढं हसून घ्या. मग माझ्याबरोबर आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात चला. जून-जुलैत तिथल्या दुकानांत जीवशास्त्राच्या गाईडांच्या थप्प्या लागतात. मुखपृष्ठावर डीएनएची शिडी, कोपऱ्यात ‘सुधारित आवृत्ती’चा लाल शिक्का. त्यातलं एखादं उचला आणि झुरळाचं पान उघडा. संघ आर्थ्रोपोडा. बरोबर. वर्ग इन्सेक्टा. बरोबर. गण ऑर्थोप्टेरा.

साफ चूक.

सगळी पुस्तकं अशी नाहीत. कष्ट घेऊन, वाचून लिहिणारे लेखक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझं भांडण आहे ते एकमेकांची नक्कल करून वर्षानुवर्षं छापल्या जाणाऱ्या गाईडांशी आणि क्लासच्या झेरॉक्स नोट्सशी. त्यांत झुरळ नाकतोड्यांच्या गणात कोंबलेलं असतं. प्रार्थना कीटक, ज्याला आपल्याकडे कुणी खंडोबाचा किडा म्हणतं, तोही तिथेच. वाळवीला मात्र आयसोप्टेरा नावाचा स्वतंत्र गण बहाल केलेला असतो आणि शेजारी ‘पांढरी मुंगी’ अशी पदवी. तीन प्राणी, आणि तिघांच्याही बाबतीत घोटाळा. ‘सुधारित’ काय झालं म्हणाल, तर किंमत.

आता त्याच गाईडाला त्याच्याच पानांनी पकडू. ऑर्थोप्टेरा म्हणजे नाकतोडे, टोळ, रातकिडे. या गणाचं ठळक लक्षण म्हणून गाईड काय सांगतं? मागचे पाय जाड, लांब आणि उडी मारण्यासाठी घडलेले. चार पानं उलटा. झुरळाच्या पायांचं वर्णन येतं: तिन्ही जोड्या सारख्या, धावण्यासाठी घडलेल्या. म्हणजे लेखकमहाशयांनी गणाचं लक्षण स्वतः लिहिलं, ते लक्षण झुरळात नाही हेही स्वतः लिहिलं, आणि तरी झुरळ त्याच गणात ठेवलं. झुरळाला उडी मारताना कधी पाहिलंय कुणी? सिडकोतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात रात्री दिवा लावा. ते पळतं. भिंतीवरून, मोरीतून, ओट्याखालून पळतं. न्यूटनच्या नियमाइतकी ही गोष्ट स्पष्ट आहे.

अजून एक खूण आहे आणि ती तपासायला साधं भिंग पुरतं. पावलाचे भाग मोजा. झुरळाच्या पावलाला पाच भाग. प्रार्थना कीटकाच्या पावलाला पाच. नाकतोड्याच्या पावलाला तीन. झुरळाचे पाच भाग गाईडातच आकृतीसह दिलेले असतात, बाण काढून, नावं लिहून. मुलं ती आकृती पाठ करतात. पाचाचा त्या गणाशी मेळ बसत नाही, हे कुणी सांगतच नाही.

ही चूक आली कुठून? तिचा इतिहास सन्माननीय आहे, तिला कवटाळून बसणारे नाहीत. १७५८ मध्ये लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत झुरळाला भुंगेऱ्यांच्या गणात टाकलं. नाकतोडे आणि प्रार्थना कीटकही त्याच गणात. १७६७ च्या बाराव्या आवृत्तीत त्याने हे सगळे उचलले आणि ढेकणांच्या गणात नेऊन ठेवले. दोन्ही वेळा चुकला. पण हा माणूस बघा: आधुनिक वर्गीकरणाचा जनक, आणि नऊ वर्षांत स्वतःचं छापलेलं स्वतः खोडतो! १७८९ मध्ये ऑलिव्हिए या फ्रेंच अभ्यासकाने ऑर्थोप्टेरा हा गण मांडला. त्यात नाकतोडे आले, झुरळं आली, प्रार्थना कीटक आले. भुंगेरे आणि ढेकूण यांच्यापासून ही मंडळी वेगळी झाली, त्या काळात हे मोठंच पाऊल होतं.

तेव्हा पुण्यात नाना फडणवीस कारभार पाहत होते आणि आपलं शहर निजामाच्या राज्यात होतं. १८३८ मध्ये बुरमाइस्टरने प्रार्थना कीटकांचा गट वेगळा मांडला, १८८२ मध्ये ब्रुन्नर फॉन वाटेनविलने झुरळांचा. पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, निजाम गेला. गाईडातलं झुरळ १७८९ मध्येच बसून आहे.

मग खरं नातं काय? प्रार्थना कीटक आणि झुरळ हे जवळचे भाऊबंद. दोघांचा मिळून एक वरचा गट होतो, डिक्टिऑप्टेरा. त्यात दोन गण: प्रार्थना कीटकांचा मँटोडिया आणि झुरळांचा ब्लॅटोडिया. दिसायला हे दोघे एकमेकांपासून किती लांब! एक उकिरड्यावरचं पोटभरू, चपटं, तेलकट. दुसरा फांदीवर ताठ बसलेला शिकारी, त्रिकोणी डोकं मागे वळवून बघणारा, ज्याचे पुढचे पाय विळ्यासारखे मिटतात. छातीच्या तळाशी मधोमध त्याला एकच कान असतो, हे १९८६ मध्ये येगर आणि हॉय यांनी दाखवून दिलं. या दोघांना भाऊबंद म्हणायचं कशावरून?

घरातून आणि शेतातून पुरावा आणू. कपाटाच्या कोपऱ्यात सापडणारी ती छोटी तपकिरी डबी, झुरळाची अंडी असलेली, सगळ्यांनी पाहिली आहे. आता पऱ्हाटी उपटताना काडीला चिकटलेला वाळक्या फेसाचा गोळा आठवा. तो प्रार्थना कीटकाचा अंडकोश. दोघांच्याही माद्या ग्रंथींचा स्राव अंड्यांभोवती गुंडाळतात, तो कडक होतो आणि आत अंडी रांगेने बसतात. नाकतोड्याची मादी पोटाचं टोक जमिनीत खुपसून भोक पाडते आणि तिथे अंडी घालते. तिचा अंडनिक्षेपक त्याच कामासाठी मजबूत झालेला असतो. झुरळ आणि प्रार्थना कीटक यांच्या माद्यांत तो आखूड असतो आणि पोटाच्या शेवटच्या पट्टीने झाकलेला असतो. डोक्याच्या आतल्या सांगाड्यात मज्जातंतू जायला एक विशिष्ट भोक असतं, ते दोघांतही सापडतं. २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कीटकांच्या वंशवृक्षावरचा प्रचंड अभ्यास आला, १,४७८ जनुकांची तुलना करून. त्यातही झुरळ आणि प्रार्थना कीटक शेजारी आहेत. नाकतोडा त्यांच्यापासून इतका लांब आहे की काडीकिडासुद्धा झुरळाला त्याच्यापेक्षा जवळचा ठरतो.

आता वाळवी. इथे गाईडकर्त्यांची अब्रू पूर्ण जाते. वाळवी मुंगी नाही. मुंगी ही गांधीलमाशीची नातलग. मुंग्यांत कामकरी सगळ्या माद्या, वाळवीत कामकरी नरही आणि मादीही. मुंग्यांत नर समागमानंतर मरतो, वाळवीच्या वारुळात राणीजवळ राजा कायम राहतो. मग वाळवी आहे तरी कोण?

वाळवी झुरळ आहे.

नवीन वाचणाऱ्याला धक्का बसेल, बसू द्या. उत्तर अमेरिकेत आणि पूर्व आशियात कुजक्या लाकडात राहणारं एक झुरळ आहे, क्रिप्टोसर्कस. ते लाकूड खातं. लाकूड पचवायला त्याच्या आतड्यात एकपेशीय जीव असतात. पिल्लांना ते जीव जन्मतः मिळत नाहीत. ती आईबापांच्या गुदद्वारातून येणारा द्रव खाऊन ते मिळवतात, त्यामुळे कुटुंब वर्षानुवर्षं एकत्र राहतं. १९३४ मध्ये क्लीव्हलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या झुरळावर मोठा ग्रंथ लिहिला आणि दाखवलं की त्याच्या आतड्यातले जीव वाळवीच्या आतड्यातल्या जीवांचे सख्खे नातेवाईक आहेत. वाळवीच्या अनेक जातींत पिल्लंही असाच द्रव खाऊन मोठी होतात. ऑस्ट्रेलियातली मॅस्टोटर्मिस ही वाळवी तर झुरळासारखी अंडी जोडून रांगेने घालते आणि तिच्या शरीरात झुरळांत असतो तोच सहजीवी जिवाणू आहे. सन २००० मध्ये नेथन लो आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून सांगितलं की वाळवी लाकूडखाऊ झुरळांतूनच आली. २००७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या इनवर्ड, बेकालोनी आणि एगलटन यांनी ‘बायोलॉजी लेटर्स’ मध्ये निबंध छापला. त्यात पाच जनुकं आणि शंभरावर जातींची तुलना होती. शीर्षकातच त्यांनी एका गणाचा मृत्यू जाहीर केला. मेलेला गण आयसोप्टेरा. वाळवी म्हणजे समाज करून राहणारी झुरळं.

आपल्याकडे हा मृत गण अजून दर सत्रात परीक्षेला बसतो आणि पास होतो.

‘पण शास्त्रज्ञांचंच एकमत नाही’ हा प्रतिवाद मला ऐकवला जातो, मोठ्या तोऱ्यात. त्यात अर्धसत्य आहे आणि अर्धसत्यावर पोट भरणारे लोक सगळ्यात त्रासदायक. २००७ च्या त्या निबंधाला लो आणि इतर अनेक अभ्यासकांनी लगेच उत्तर दिलं, आयसोप्टेरा हे नाव वाचवा म्हणून. भांडण कशावरून होतं? वाळवी झुरळ आहे की नाही यावरून नव्हतंच. ते दोन्ही बाजूंना मान्य होतं. भांडण होतं की झुरळांच्या आत वाळवीला कोणता हुद्दा द्यायचा. निबंधकारांनी सगळ्या वाळव्यांना टर्मिटिडी हे एकच कुल देऊ केलं होतं, आणि ते नाव आधीच वाळवीच्या एका कुलाचं असल्यामुळे गोंधळ झाला असता. पुढे बेकालोनी आणि एगलटन यांनी वाळवीला ब्लॅटोडियातच, पण कुलांच्या वरची पायरी दिली आणि जुनी कुलं शाबूत राहिली. म्हणजे बघा, जगातले तज्ज्ञ वाळवीच्या हुद्द्यासाठी बारकाईने भांडतात, आणि आपल्या नोट्समध्ये तिची जातच चुकीची. त्या भांडणाचा आडोसा घेण्याचा या लोकांना काय हक्क?

माझी भाची इथल्याच एका महाविद्यालयात बी.एस्सी. ला होती. नाव सांगत नाही, कारण ते एकटं नाही. चाचणीत तिने झुरळाचा गण ब्लॅटोडिया लिहिला. गुण कापला गेला. मी जाऊन सरांना भेटले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मॅडम, तिचं चूक आहे असं मी म्हणतच नाही. पण मॉडेल आन्सरमध्ये ते नाही.”

या एका वाक्यात सगळा रोग आहे. बरोबर आहे हे मान्य, पण कागदावर नाही म्हणून शून्य. मग तो कागद कुणी लिहिला? ज्याने लिहिला त्याने कुठून घेतला? गाईडातून. गाईडाने कुठून? जुन्या मॉडेल आन्सरमधून. हे चक्र किती दशकं फिरतंय, आणि त्याखाली दर वर्षी कोण चिरडलं जातं? ग्रंथालयात जाऊन वाचणारी, एक पाऊल पुढे गेलेली मुलगी. न वाचता घोकणारा मुलगा पूर्ण गुण घेऊन जातो. त्या मुलीने त्यातून कोणता धडा घ्यायचा? वाचू नकोस, हाच ना?

आणि हे कुठे घडतंय? १९५० मध्ये बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढलं. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद म्हणजे ग्रीक मिनँडर. तो भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारतो, आणि नागसेन राजाला गप्प बसवत नाही, समजावतो. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव ज्या शहराने आपल्या महाविद्यालयाला मिळालेलं पाहिलं, त्या शहरात बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलीला शून्य मिळतं. याची लाज वाटायला हवी. मला वाटते.

‘इतक्या भराभर बदल कसे करायचे?’ असंही म्हणतात. भराभर? क्लीव्हलंडचा ग्रंथ १९३४ चा. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १९५८ मध्ये, त्याच्या २४ वर्षं नंतर. २०२३ मध्ये या शहराचं नाव बदललं. शाळांच्या पाट्या, पावत्या, शिक्के, लेटरहेड, दाखले, सगळं हलायला लागलं. करायचं ठरवलं की होतं. एका रकान्यातला एक शब्द बदलायला कोणतं मंत्रिमंडळ बसावं लागतं?

तिसरा बहाणा: मुलं गोंधळतात, वर्गीकरण त्यांना कंटाळवाणं वाटतं. कंटाळवाणं तुम्ही केलं. त्यातली गोष्ट काढून टाकलीत, नुसती यादी ठेवलीत आणि म्हणता मुलं जांभया देतात. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या लहान पिवळट झुरळाचं उदाहरण घ्या, ब्लॅटेला जर्मनिका. १७६७ मध्ये लिनियसने त्याला नाव दिलं आणि तेव्हापासून जर्मनी त्याच्या नावाला चिकटली. २०२४ मध्ये १७ देशांतल्या २८१ झुरळांचा डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून वेगळी झाली, बहुधा भारतात किंवा म्यानमारमध्ये, माणसाच्या वस्तीत आणि शेतात शिरून. म्हणजे साधारण सातवाहनांच्या आसपासचा काळ. आपल्याच जिल्ह्यातलं पैठण ज्यांची राजधानी होती, त्यांचा. पुढे सुमारे १,२०० वर्षांपूर्वी ते पश्चिम आशियाकडे गेलं आणि नंतर युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळात जगभर. ही गोष्ट वर्गात सांगा आणि बघा कोण जांभई देतं. भूगोल, इतिहास, व्यापार, जनुकं, सगळं एका झुरळात आहे. वर्गीकरण म्हणजे कोण कुणातून आलं याचा शोध. तो शोध काढून घेतला की उरतात लॅटिन नावं, आणि ती नावं कुणीही पाठ करेल, अर्थ न कळता.

यूजीसीने २०१४ मध्ये महाविद्यालयांतलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मोरीतली झुरळं पकडून आणली, मेणाच्या ताटलीत टाचण्यांनी टोचली, आतडं उलगडलं, लाळग्रंथी काढून दाखवल्या. इतकी झुरळं चिरूनही ती नाकतोडा नव्हेत हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल, असं मला वाटत नाही. आलं असणार. पण तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या सरांना ‘ऑर्थोप्टेरा’च ऐकायचं होतं, म्हणून मुलांनी तेच सांगितलं. झुरळाबरोबर मुलांची जिज्ञासाही त्या ताटलीत टोचली गेली.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. मराठवाड्यातल्या उसाच्या बेण्याला वाळवी लागते, हे त्यांना पहिल्या इयत्तेपासून माहीत असतं. कापसात बसून किडे खाणारा प्रार्थना कीटक त्यांनी हातावर घेतलेला असतो. त्यांच्याकडे निरीक्षण आहे, रोजचं, पक्कं. त्यांना एवढंच सांगायचं की बेणं खाणारी वाळवी आणि फांदीवर टपलेला शिकारी एकाच घराण्यातले आहेत आणि का आहेत. हे ऐकून ज्याचे डोळे चमकणार नाहीत असं मूल मी पाहिलेलं नाही. आणि आपण त्याला काय देतो? ‘पांढरी मुंगी’.

म्हणून विद्यार्थ्यांनो, झुरळाचा गण ब्लॅटोडिया लिहा, प्रार्थना कीटकाचा मँटोडिया लिहा, वाळवी ब्लॅटोडियात घाला. विद्यापीठाच्या पेपरात गुण कापला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा आणि २००७ चा तो निबंध सोबत जोडा. उत्तर लेखी मागा. आणि प्राध्यापक मंडळींनो, येत्या सत्राचं मॉडेल आन्सर तुमच्याच हातात आहे. ते छापायला जाण्याआधी त्या रकान्यातला ऑर्थोप्टेरा खोडा.